वाडीतला ट्रॅक्टर कुणाचा?

अर्नाळा, आगाशी, नंदाखाल, निर्मळ, भुईगाव, गिरिज या वसईच्या पश्चिम पट्ट्यात ज्या वाड्या अद्याप टिकून आहेत, त्यांच्यातून बैल जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्याच्या जागी कोठे पॉवर टिलर, कोठे पंधरा-वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आला आहे. जमीन उकरणे, शेणखत वाहून आणणे, नारळाच्या झावळ्या आणि तोडलेले केळीचे खांब ओढून नेणे, पावसाळ्यापूर्वी पाट मोकळे करणे ही कामे वाडीचा मालक यंत्रावर बसून स्वतःच उरकू लागला आहे. मजुराची वाट पाहावी लागत नाही, कुणाची मनधरणी करावी लागत नाही. आपली वाडी, आपले यंत्र आणि आपलेच हात, अशी या नव्या व्यवस्थेची थोरवी सांगितली जाते. समाजवादी कार्यकर्त्याने या घटनेकडे कसे पाहावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. यंत्र लहान असले तरी त्याच्याभोवती जमीन, कर्ज, मजुरी आणि पाणी असे चार मोठे प्रश्न गुंतलेले आहेत.

पहिली गोष्ट ही की, जमिनीचा मालक स्वतः राबतो याचे स्वागतच केले पाहिजे. कसेल त्याची जमीन ही घोषणा ज्यांनी दिली, त्यांना कसणारा मालक पाहून आनंद व्हावा हे स्वाभाविक आहे. यंत्रामुळे माणसाच्या पाठीवरचा भार हलका होतो, याचेही वाईट वाटण्याचे कारण नाही. वाडीच्या जुन्या जीवनाची गोड वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु भल्या पहाटे रहाटाच्या बैलामागे उभ्या राहणाऱ्या माणसाला त्या रहाटाची कुरकुर काव्यमय वाटत नव्हती. पहाटेची गाडी पकडून फुलांच्या आणि भाजीच्या पाट्या मुंबईच्या बाजारात नेणाऱ्या आणि परतल्यावर पुन्हा वाडीत बेणणीला बसणाऱ्या बाईला तर दिवसाचे तास कधी पुरलेच नाहीत. कष्टाचे गोडवे सहसा कष्ट न करणारेच गातात.

तालुक्याच्या पूर्व भागात, तुंगारेश्वराच्या डोंगराच्या अंगाला, श्रमाचा इतिहास याहून कडू आहे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी आदिवासी तरुण जमीनमालकाच्या घरी वर्षानुवर्षे राबत. ‘लग्नगडी’ हा शब्दच या जिल्ह्यात त्यासाठी रूढ झाला होता. १९७६ साली वेठबिगारी नष्ट करणारा कायदा संसदेने केला. तो कायदा कागदावरून शेतावर आणण्यासाठी मात्र संघर्ष करावा लागला. १९८२ साली याच वसई तालुक्यात श्रमजीवी संघटना उभी राहिली ती या संघर्षातून. म्हणून ‘हल्ली मजूर मिळत नाहीत’ ही तक्रार ऐकताना या इतिहासाची आठवण ठेवावी लागते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतून पोटासाठी उतरणारी आदिवासी कुटुंबे आजही वसई-विरारच्या नाक्यांवर सकाळी कामाची वाट पाहत उभी असतात. मजूर आहेत, ते बांधकामावर जातात, कारण तेथे रोख मजुरी अधिक मिळते आणि जुन्या मालकीची सावली तेथे नसते. त्याच वेळी हेही खरे की, एक-दीड एकराच्या वाडीवर प्रपंच चालविणाऱ्या कुटुंबाला तेवढी मजुरी देणे अनेकदा परवडत नाही. दोघांचीही अडचण खरी आहे आणि ट्रॅक्टर हा त्या अडचणीवर शोधलेला वैयक्तिक उपाय आहे. हा उपाय कोठपर्यंत पुरतो, ते पाहिले पाहिजे.

तासांचा हिशेब

शेती-अवजारांच्या अर्थशास्त्रात एक ठोकळ संकेत आहे: ट्रॅक्टर वर्षाकाठी सुमारे १००० तास चालला, तरच तो परवडतो. आता एका एकराची, म्हणजे ४० गुंठ्यांची वाडी हिशेबाला घ्यावी. वर्षातून दहा वेळा यंत्र फिरविले आणि दर वेळी दोन तास लागले असे धरले, तर बेरीज २० तासांची होते. खताची वाहतूक आणि इतर ओढकाम धरून ती तिप्पट केली, तरी ६० तासांच्या पुढे जात नाही. उरलेले ९४० तास यंत्र ताडपत्रीखाली उभे राहते. व्याज मात्र उभे राहत नाही, ते चालतच असते.

ही विसंगती वसईपुरती नाही. कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात एका खातेदाराचे सरासरी क्षेत्र १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होते; २०१५-१६ साली ते १.३४ हेक्टरवर आले. जमिनीचे तुकडे असे लहान होत असताना देशात ट्रॅक्टरची विक्री मात्र वाढत गेली आणि २०२२-२३ या एका वर्षात ती ९ लाखांच्या पुढे गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. शेतकऱ्याचा भार कमी झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. पण कमी किमतीचे यंत्रही वर्षाचे ९४० तास उभेच राहणार असेल, तर त्या सवलतीचा अधिक लाभ कारखानदाराला आणि कर्ज देणाऱ्याला होतो.

अशा यंत्राचे कर्ज फेडण्यासाठी मालकाला यंत्र वाडीबाहेर काढावे लागते. पहिल्या वर्षी तो शेजाऱ्याची नांगरट भाड्याने करून देतो. परंतु शेजाऱ्यानेही ट्रॅक्टर घेतला की तो मार्ग बंद होतो. मग ट्रॉली जोडली जाते आणि विटा, रेती, मुरूम, माती यांची वाहतूक सुरू होते. महाराष्ट्रात शहरांलगतच्या सर्वच गावांत हे दृश्य परिचयाचे आहे. वसई-विरारमध्ये त्याचा अर्थ अधिक गंभीर होतो, कारण येथे वाहिली जाणारी माती बहुधा भरावाची असते आणि भराव पडतो तो भातशेतीवर, नाल्यांच्या काठांवर, मिठागरांवर आणि बावखलांमध्ये. पश्चिम पट्ट्यातील ही बावखले म्हणजे पावसाचे पाणी साठविणारी आणि विहिरींना आधार देणारी पिढ्यान्‌पिढ्यांची तळी. त्यांतील कित्येक बुजली, कित्येक बुजविली गेली. भरावाचे मोठे काम डंपर आणि जेसीबी करतात हे खरे. परंतु अरुंद पाखाडीतून जेथे डंपर शिरू शकत नाही, तेथे ट्रॉली शिरते. वाडी राखण्यासाठी घेतलेले यंत्र हप्त्याच्या दडपणाखाली वाडी बुजविण्याच्या कामाला लागते. जुलै २०१८ मध्ये वसई, नालासोपारा, विरार हा सारा भाग कित्येक दिवस पाण्याखाली होता, उपनगरी रेल्वे थांबली होती आणि मिठागरांवरील शेकडो माणसे पाण्याने वेढली गेली होती. पाणी मुरण्याच्या आणि वाहून जाण्याच्या जागांवर झालेल्या भरावांचा त्या आपत्तीत मोठा वाटा होता.

आणि हप्ता थकला तर? ट्रॅक्टरचे कर्ज पुष्कळदा जमिनीच्या तारणावर मिळते. सातबाऱ्यावर बोजा चढतो. जेथे जमिनीला भातापेक्षा आणि केळीपेक्षा इमारतीचा भाव अनेक पटींनी अधिक आहे, तेथे बोजा चढलेल्या सातबाऱ्यावर कुणाची नजर असते, हे वसईच्या माणसाला सांगावे लागत नाही.

पंपाने शिकविलेला धडा

वाडीत यंत्र येण्याची ही पहिली वेळ नाही. रहाटाच्या जागी तेलाचे इंजिन आणि पुढे विजेचा पंप आला, तेव्हाही आपली विहीर, आपला पंप आणि आपले पाणी हाच विचार होता. रहाटाला एक मर्यादा होती. बैल थकला की उपसा थांबे आणि तेवढ्या वेळात विहिरीला पाणी चढे. पंप थकत नाही. समुद्रकाठच्या जमिनीखाली गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो; वरचे पाणी मर्यादेबाहेर उपसले की खालचे खारे पाणी वर सरकते. प्रत्येकाने आपापल्या विहिरीतून आपापल्या सोयीने उपसा केला आणि अनेक विहिरी मचूळ झाल्या. ऐंशीच्या दशकात नव्या इमारतींसाठी टँकर भरून पाणी विकले जाऊ लागले, तेव्हा संकट उघड झाले. त्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईचे आंदोलन उभे राहिले, त्यात जमिनीइतकाच पाण्याचाही प्रश्न होता.

जमिनीवर कुंपण घालता येते. जमिनीखालच्या पाण्यावर घालता येत नाही. पंपाची मालकी खाजगी होती, परिणाम मात्र सार्वजनिक झाला. ट्रॅक्टरच्या बाबतीत तीच चूक पुन्हा करावयाची की काय, हा आजचा प्रश्न आहे.

यंत्राचा विरोध नको

या प्रश्नावर जगात पुष्कळ अभ्यास झालेला आहे. पाकिस्तानात जागतिक बँकेच्या कर्जातून मोठे ट्रॅक्टर वाटले गेले. त्यांच्या परिणामांचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला अहवाल असे दाखवितो की, ट्रॅक्टर घेणाऱ्यांच्या शेतांचे सरासरी क्षेत्र दुपटीहून अधिक वाढले आणि कुळे मोठ्या प्रमाणावर बेदखल झाली. हान्स बिन्सवांगर यांनी दक्षिण आशियातील अनेक पाहण्यांचा आढावा १९७८ साली घेतला. ट्रॅक्टरमुळे एकरी उत्पादन किंवा पिकांची संख्या ठळकपणे वाढते असा पुरावा त्यांना मिळाला नाही. यंत्राने प्रामुख्याने बैलाची आणि मजुराची जागा घेतली होती. यंत्र म्हणजे आपोआप प्रगती, ही समजूत सोडून देण्यास एवढे पुरेसे आहे.

परंतु यावरून यंत्राला नकार देणेही चुकीचे ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली भारतातील लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे केवळ त्याच्या क्षेत्रफळावरून ठरत नाही. त्यावर लावलेले श्रम, भांडवल आणि अवजारे यांच्या प्रमाणावरून ठरते, असे त्यांनी त्यात दाखवून दिले. वसईची एक एकराची वाडी भातशेतीच्या हिशेबाने क्षुल्लक आहे. केळी, पानवेल, सोनचाफा, मोगरा, नारळ आणि भाजी यांच्या हिशेबाने तिने पिढ्या पोसल्या आहेत. तिला अवजार हवे आहे, परंतु तिच्या मापाचे. पुढे १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये डॉ. आंबेडकरांनी शेती सामुदायिक पद्धतीने कसली जावी आणि तिला लागणारे भांडवल, अवजारे राज्याने पुरवावीत, अशी मांडणी केली. यंत्राविषयी साशंक असणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिवणयंत्राचा अपवाद मान्य केला होता आणि अशी यंत्रे बनविणारे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे वा नियंत्रणाखालचे असावेत असे सुचविले होते. डॉ. राममनोहर लोहिया तर लहान यंत्राचा आग्रह धरणारे होते. भांडवल थोडे असलेल्या आणि माणसे पुष्कळ असलेल्या देशात तेच यंत्र उपयोगी पडेल, अशी त्यांची धारणा होती. या तिघांच्या वाटा वेगळ्या. पण यंत्र कुणाच्या ताब्यात आणि किती मोठे, हा प्रश्न तिघांनीही यंत्राइतकाच महत्त्वाचा मानला.

मालकी सरकारी झाली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही नाही. सोव्हिएत संघात १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून सरकारी यंत्र-ट्रॅक्टर केंद्रे उभी राहिली. शेतकरी सामुदायिक शेतावर आणि ट्रॅक्टर सरकारी केंद्रात, अशी ती रचना होती. नांगरटीचा मोबदला धान्यात वसूल करण्याचे आणि गावावर नजर ठेवण्याचे ते साधन बनले. अखेर १९५८ साली ती केंद्रे मोडीत काढून यंत्रे सामुदायिक शेतांना विकण्यात आली. फ्रान्समधील लहान शेतकऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांच्या सामायिक वापरासाठी सहकारी मंडळ्या काढल्या, त्या मात्र आजही चालू आहेत. जो राबतो त्याच्याच हाती यंत्राचा कारभार असणे, हा दोहोंतील फरक आहे.

इर्जिक आणि सावड

सामायिक वस्तूला धनी नसतो, अशी शंका यावर घेतली जाईल. पण मराठी शेतकऱ्याला सामायिक अवजाराची परंपरा नवी नाही. एकमेकांचे बैल जोडून नांगरट करण्याची सावड आणि सारे गाव आपापली औते घेऊन एकाच्या शेतावर उतरे ती इर्जिक, हे शब्द भाषेत आहेत कारण तो व्यवहार होता. वसईत तर सहकाराचा पाया जुना आहे. आज मोठी बँक झालेली बॅसीन कॅथॉलिक ही संस्था १९१८ साली लहान पतसंस्था म्हणूनच सुरू झाली. जो समाज पैशाचा सहकार शंभर वर्षे चालवू शकतो, त्याला यंत्राचा सहकार जमणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

सर्वांना यंत्र एकाच दिवशी हवे असते, ही अडचण मात्र खरी आहे. तिचे उत्तर वसईच्या भूगोलातच आहे. पूर्वेकडील भाताणे, पारोळ, शिरवली, उसगाव या भागांत यंत्राची निकड जून-जुलैत, भाताच्या चिखलणीला असते. पश्चिमेच्या वाड्यांत ओढकाम आणि मशागत मुख्यतः पाऊस ओसरल्यावर सुरू होते आणि भाजी-फुलांमुळे ती वर्षभर थोडी थोडी चालते. वाडीवाल्याचे आणि आदिवासी भातशेतकऱ्याचे हंगाम एकमेकांना पूरक आहेत. एका बाजूला पन्नास वाड्या आणि दुसऱ्या बाजूला दोन-तीन पाडे मिळून एक संस्था झाली, तर १००० तासांचा हिशेब भराव न वाहताही जुळण्यासारखा आहे. ज्या दोन समाजांचा संबंध आजवर मालक आणि मजूर असाच राहिला, ते एका यंत्राचे समान भागीदार होतील, हा त्यातील राजकीयदृष्ट्या सर्वांत मोठा लाभ होय.

शासनाच्या योजना आजही आहेत. २०१४-१५ पासून केंद्राचे यांत्रिकीकरण अभियान चालू झाले. त्यात वैयक्तिक खरेदीला गटानुसार ४० ते ५० टक्के अनुदान आहे आणि गटांसाठी अवजार बँकेची तरतूदही आहे. परंतु वैयक्तिक अनुदानाला सातबारा आणि आठ-अ लागतो. ज्याच्या नावावर जमीन नाही तो मजूर आणि जिचे नाव सातबाऱ्यावर चढलेले नाही ती बाई, या दोघांनाही त्यातून काही मिळत नाही. वाडीतले निम्म्याहून अधिक काम जिच्या हातचे, तिला यंत्राच्या मालकीत जागा नाही. शिवाय ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि ५३ गावे एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली, तेव्हा त्या गावांतील ग्रामपंचायती गेल्या आणि ग्रामसभाही गेल्या. सामायिक यंत्र घ्यावे की नाही, हे ज्या सभेत ठरले असते ती सभाच उरली नाही. या समावेशाविरुद्ध गावांनी मोठे आंदोलन केले, त्याच्या मुळाशी हीही वेदना होती.

कार्यकर्त्यांनी या परिस्थितीत काही निश्चित मागण्या हाती घेतल्या पाहिजेत. अनुदानात वैयक्तिक खरेदीपेक्षा राबणाऱ्यांच्या सहकारी गटाला अग्रक्रम मिळावा आणि महानगरपालिका हद्दीतील शेतीही त्यासाठी पात्र धरली जावी. गटात भूमिहीन मजुरांना आणि स्त्रियांना मालकांइतकेच मत असावे. यंत्र चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण प्रथम आदिवासी तरुण-तरुणींना मिळावे, म्हणजे यंत्राने ज्यांचे हातचे काम काढले त्यांच्याच हाती यंत्राचे काम येईल. संस्थेचे यंत्र शेतजमिनीवर, नाल्यात किंवा बावखलात भराव टाकण्यासाठी वापरले जाणार नाही, हे पोटनियमातच लिहिलेले असावे. आणि मोकळ्या तासांत तेच यंत्र बावखलांचा गाळ काढण्यास लावावे. त्या कामाची मजुरी महानगरपालिकेने द्यावी, कारण ते पाणी साऱ्या शहराचे आहे.

या मागण्यांसाठी मोर्चाची वाट पाहण्याची गरज नाही. ज्या आळीत आज पाच जण पाच वेगवेगळ्या कर्जांचे अर्ज भरत आहेत, तेथे जाऊन त्या पाचांना आणि त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या दहांना एकत्र बसविणे, हे कोणत्याही शाखेला पुढच्या आठवड्यातच करता येण्याजोगे काम आहे. पावसाळा संपून वाडीची कामे सुरू होण्यापूर्वी अशा चार-दोन बैठका झाल्या, तरी त्यांतून पहिली संस्था उभी राहू शकेल.